शाळेचं वाचनालय, वर्ग आणि मोबाईल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळांचे ग्रंथपाल, जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक आणि काही पालक मला जे सतत विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. तेच तेच परत सांगावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. मी स्वतः शाळेची ग्रंथपाल आहे आणि माझी भूमिका आधीच सांगून टाकते: मुलांनी केलेलं काम लोकांपर्यंत जरूर जावं, पण त्यासाठी मुलांचे चेहरे आणि नावं जायची गरज नाही. पुढची बरीच उत्तरं यातूनच आली आहेत.

१. शाळेत एकच मोबाईल आहे आणि तोही माझा स्वतःचा. त्यात काय होणार?

पुष्कळ होतं. चाळीस मुलांनी चाळीस मोबाईलवर बोटं फिरवण्यापेक्षा पाच जणांच्या गटाने एका मोबाईलवर एक गोष्ट तयार करणं कधीही चांगलं. एक लिहितो, एक बोलतो, एक चित्रं काढतो, एक मोबाईल धरतो आणि एक वेळ बघतो. बाकीचे गट तोवर वाचत बसतात. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर एका तासिकेला एकच गट घ्या.

स्वतःचा मोबाईल मुलांच्या हातात देण्याआधी फ्लाइट मोड लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन 'स्क्रीन पिन' सुरू करा. तिथेच 'बाहेर पडताना पिन मागा' हा पर्यायही निवडला, तर मूल उघडलेल्या अ‍ॅपच्या बाहेर जाऊ शकत नाही. घरी कपाटात पडलेला, सिम नसलेला जुना मोबाईल असेल तर उत्तमच. आवाज आणि फोटो घ्यायला सिम लागत नाही.

२. आमच्या गावात रेंजच नाही. मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच ना?

आहे की. या पानावरचं निम्म्याहून जास्त काम नेटशिवाय होतं. तालुक्याला गेलात की दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे धडे आणि स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी (प्रश्न ३ पाहा) उतरवून आणा. 'किविक्स' हे मोफत अ‍ॅप घेतलं तर अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये मावतो आणि नेट नसताना शोधता येतो. वाचनालयातल्या जुन्या संगणकावर तो टाकून ठेवा. मुलं संदर्भग्रंथ चाळतात तशी त्यावर शोधायला लागतात.

३. मराठीत मुलांसाठी मोफत आणि खात्रीचं साहित्य कुठे मिळतं?

माझी पहिली पसंती प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरला. ते २०१५ मध्ये सुरू झालं. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत. लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावं दिलीत तर त्या छापता येतात, वाचून ध्वनिमुद्रित करता येतात, अगदी बदलताही येतात. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत मुलांनी त्यातली एखादी गोष्ट आपल्या बोलीत आणली तर तेही चालतं. परवान्याचा हा मोठा फायदा बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसतो.

बालभारतीने पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. किशोरचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक मुलांना नक्की दाखवा, त्यातली चित्रं बघण्यासारखी आहेत. एक लक्षात ठेवा, मोफत वाचता येणं आणि मुक्त परवाना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किशोरमधली कथा वाचा, पण ती उचलून शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकू नका (प्रश्न १० पाहा).

४. पुस्तकांवर क्यूआर कोड लावायचे आहेत. कसे करायचे?

महाराष्ट्राला क्यूआर कोड नवीन नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना ते जोडले, पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ डिसले यांना मिळालं. वाचनालयात मात्र दिशा उलटी ठेवावी असं मला वाटतं. कोड उघडल्यावर मोठ्यांचं व्याख्यान कशाला? ते पुस्तक आधी वाचलेल्या मुलाचा आवाज ऐकू यावा.

मुलाचं ध्वनिमुद्रण गूगल ड्राइव्हवर टाका आणि 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' ही परवानगी द्या. ही परवानगी द्यायची राहून गेली की घरी कोड उघडतच नाही आणि मुलं हिरमुसतात. मोबाईलच्या क्रोममध्ये 'शेअर' दाबलं की त्या पानाचा क्यूआर कोड तिथेच मिळतो. 'डायनॅमिक' कोड (त्याच संकेतस्थळामार्फत उघडणारे) फुकट देणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो आणि शंभर पुस्तकांवर चिकटवलेले कागद वाया जातात.

कोड अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका आणि भोवती पांढरी कड सोडा. तो मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, तारखेच्या चिठ्ठीच्या वर लावा. सेलोटेप फक्त कडांना लावा, कारण वरून टेप फिरवली की तिच्या चकाकीमुळे कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही.

५. मुलांच्या आवाजात पुस्तक परिचय करायचे आहेत, पण ते पाठांतर वाटतात. काय करू?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मुलांना लिहून आणायला सांगू नका. लिहून आणलं की 'प्रस्तुत पुस्तकात लेखकाने' अशी सुरुवात होते आणि मूल हरवून जातं. आमच्या सहावीतला एक मुलगा वहीत डोकं घालून एकसुरी वाचत होता. वही बाजूला ठेवून त्याला विचारलं, "हे पुस्तक तू कोणाला देशील?" तो म्हणाला, "माझ्या मावसभावाला. तो पण विहिरीला घाबरतो." पुढचं मिनिटभर तो न थांबता बोलला. आम्ही तेवढंच ठेवलं. आता कागदावर फक्त चार शब्द लिहू देते: कोण, कुठे, कुठं थांबलास, कोणाला देशील. शेवट सांगायचा नाही. लांबी मिनिट-दीड मिनिट.

जागेचं म्हणाल तर वाचनालयासारखी जागा शाळेत दुसरी नाही. दोन भरलेल्या कपाटांच्या मधल्या बोळात उभं करा, पुस्तकं आवाज घुमू देत नाहीत. पंखा बंद करा. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा. समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' फुटतात. बोलायच्या आधी आणि नंतर तीन सेकंद गप्प राहायला सांगा, म्हणजे कापायला जागा मिळते. कापाकापीसाठी संगणकावर ऑडॅसिटी मोफत आहे. चूक झाली तर सगळं पुन्हा घेऊ नका, मुलाला तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायला सांगा. आणि अडखळणं सगळं पुसू नका, त्यातच मूल दिसतं.

हे जमलं की पुढचा टप्पा आजी-आजोबांचा. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, बैलपोळ्याची गाणी मुलं घरी ध्वनिमुद्रित करून आणतात. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी सुरू केलेला आणि आता 'परी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाकडे असलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे. त्यातल्या दोन-तीन मुलांना आधी ऐकवा, म्हणजे आपल्या घरातही असं काही आहे हे त्यांच्या लक्षात येतं. आजीला मात्र आधी विचारायचं: हे कोण ऐकणार, नाव द्यायचं का? काही ओव्यांत घरातली दुखणी असतात. ती शाळेच्या चॅनेलवर यावीत की नाही हे आजी ठरवेल.

६. व्हिडिओ करायचा आहे, पण मुलं दिसायला नकोत. जमेल का?

स्टॉप मोशन करा. मातीचे, पुठ्ठ्याचे किंवा पानाफुलांचे आकार थोडे थोडे सरकवत फोटो काढायचे. व्हिडिओच्या एका सेकंदाला सहा ते आठ फोटो मुलांच्या कामाला पुरतात, म्हणजे तीस सेकंदांसाठी १८० ते २४०. एवढे फोटो ऐकून घाबरू नका, दोन तासिकांत होतात. मोबाईल पुस्तकांच्या दोन ढिगांवर आडवी पट्टी ठेवून खाली तोंड करून ठेवा आणि हलू देऊ नका. खिडकीचा उजेड ढगांमुळे बदलत राहतो, म्हणून खिडकी बंद करून दिव्यावर काम करा. आवाज नंतर घाला (प्रश्न ५).

७. मुलांना वाचनाचं इन्स्टाग्राम खातं काढून द्यावं का? नववीतल्या मुली फार मागे लागल्या आहेत.

त्यांच्या नावाने काढू नका. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब यांच्या स्वतःच्या अटींनुसारच खात्यासाठी किमान वय १३ आहे. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील सर्वांना बालक धरतो आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

वाचनालयाच्या नावाने एक खातं काढा. ते शिक्षकांच्या ताब्यात राहील आणि मजकूर मुलींचं संपादक मंडळ ठरवेल. कोणत्या पुस्तकाबद्दल लिहायचं, मुखपृष्ठ कसं टिपायचं, ओळ कशी छाटायची, हे त्यांना करू द्या. पोस्ट टाकायचं बटण तुमच्याकडे. खातं काढायच्या आधी आठवडाभर त्याच पोस्ट कागदावर करून फळ्याशेजारी लावून बघा. तिथे उत्साह टिकला तर खातं काढा.

८. शाळेच्या पानावर मुलांचे फोटो टाकलेले चालतात ना? सगळ्याच शाळा टाकतात.

सगळ्या टाकतात हे खरं, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. बक्षीस घेणाऱ्या मुलीचा फोटो, खाली तिचं पूर्ण नाव आणि इयत्ता, गणवेशावर शाळेचं बोधचिन्ह: अनोळखी माणसाला ती कोण आणि रोज कुठे असते हे एका पोस्टमध्ये कळतं. हात, पाठमोरी मुलं, पुस्तकामागे लपलेले चेहरे, मुलांनी काढलेली चित्रं, हे फोटो दिसायलाही जास्त छान असतात. नाव द्यायचंच तर फक्त पहिलं.

फोटोच्या फाइलमध्ये जागेची नोंद असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला किंवा ड्राइव्हवर ठेवला तर राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान बंदच करून ठेवा.

९. जूनमध्ये सगळ्या पालकांकडून संमतिपत्र भरून घेतलं. आता वर्षभर काळजी नाही ना?

आहे. 'शाळेच्या सर्व उपक्रमांसाठी' अशी मोघम सही काही कामाची नाही. आवाज, चित्र, लेखन आणि चेहरा यांसाठी वेगळे रकाने ठेवा आणि कुठे दिसणार ते लिहा. पालक आवाजाला हो आणि चेहऱ्याला नाही म्हणू शकतात, आणि बरेच जण तसंच म्हणतात. संमती कधीही मागे घेता येते, तेव्हा काढून टाकायची तयारी हवी. आणि मुलाने स्वतः नको म्हटलं तर पालकांची सही असूनही टाकायचं नाही.

काही मुलांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं. बालगृहातून शाळेत येणाऱ्या, किंवा ज्यांचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे वा न्यायालयात आहे अशा मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मनाई करतं. आई-वडिलांचा ताब्याचा वाद चालू असेल तर एकाचीच सही पुरेशी मानू नका. आणि वर्गाच्या फोटोत एकाच मुलाला स्टिकरने झाकू नका, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं. तो फोटोच टाकू नका.

१०. मी मुलांसाठी मराठी कथा वाचून यूट्यूबवर टाकते. कोणाचं काही नुकसान नाही, मग कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकांना बरीच मोकळीक देतं: शिकवताना मजकूर वापरणं, शाळेतल्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे सादर करणं. वर्गातलं वाचन आणि स्नेहसंमेलनातलं नाटक त्यात बसतं. यूट्यूब सगळ्या जगासाठी उघडं असतं, ते त्यात बसत नाही. हेतू चांगला आहे आणि पैसे मिळत नाहीत, एवढ्याने ते चालत नाही.

प्रकाशकाला पत्र लिहा. कोणती कथा, किती मिनिटं, कुठे आणि किती दिवस हे स्पष्ट लिहिलं तर बालसाहित्याचे लेखक अनेकदा आनंदाने होकार देतात. होकार लेखी घ्या. नाहीतर स्टोरीवीव्हरवरची गोष्ट घ्या (प्रश्न ३). पुस्तकाबद्दल मुलाने स्वतःच्या शब्दांत बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

११. लेखक जाऊन खूप वर्षं झाली असतील तर?

लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं झालं. बालकवी, केशवसुत कधीच मुक्त झाले. कुसुमाग्रज (१९९९) आणि विंदा करंदीकर (२०१०) यांना अजून बराच अवकाश आहे.

अपवाद बहिणाबाई चौधरींचा बघा. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणून त्या कविता १ जानेवारी २०१३ पासून मुक्त.

तीन ठिकाणी लोक फसतात. जुन्या परदेशी कथेच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. नव्या आवृत्तीतली चित्रं चित्रकाराची असतात. आणि कविता मुक्त असली तरी तिचं गायलेलं ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असं नाही. ते सोडा आणि मुलांनाच चाल लावू द्या.

१२. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा आहे. त्याच्यासाठी अख्खं पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केलं तर तेही बेकायदा?

नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट सवलत आली आहे: छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणता येतं, नफा मात्र घ्यायचा नाही. फाइल त्या मुलापुरती ठेवा, चॅनेलवर टाकू नका. आठवीची मुलं आळीपाळीने एकेक प्रकरण वाचतात तेव्हा वाचणाऱ्यांचेही उच्चार सुधारतात. त्या मुलाला 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची माहिती द्या आणि त्याच्या मोबाईलवर 'टॉकबॅक' (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) सुरू करून द्या.

१३. यूट्यूब चॅनेलवर 'मुलांसाठी तयार केलेला' हे निवडलं की कॉमेंट बंद होतात. निवडू नये का?

निवडायचंच. कॉमेंट आणि व्यक्तिगत जाहिराती बंद होणं हा मुलांचा फायदा आहे. फक्त पालकांना आणि क्यूआर कोडने ऐकणाऱ्यांना दाखवायचं असेल तर 'अनलिस्टेड' करा. शोधात येत नाही, पण लिंक पुढे गेली तर कोणीही पाहू शकतं, एवढं ध्यानात असू द्या.

१४. पालकांचा वाचनाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंगने भरला. शिवाय एका आईला अनोळखी मेसेज आले.

गुड मॉर्निंगचा उपाय सोपा: 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात'. दुसरी गोष्ट गंभीर आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि कित्येक महिला त्यामुळेच मुकाट बाहेर पडतात. 'कम्युनिटी'च्या घोषणा-ग्रुपमध्ये किंवा 'चॅनेल'वर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते वापरा. ब्रॉडकास्टही चालतं, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच ते पोहोचतं. आठवड्याला एकच मेसेज टाका: एक पुस्तक, एका मुलाचा आवाज, बास.

१५. मुलं चॅटजीपीटीकडून पुस्तक परीक्षण लिहून आणतात. बंदी घालू का?

चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. म्हणून वर्गात ते शिक्षकाच्या खात्यावर, सगळ्यांसमोर वापरावं. परीक्षणाचा प्रश्न मी आवाजाने सोडवते. समोर उभं राहून 'कोणाला देशील' याचं उत्तर द्यायचं असेल तर पुस्तक वाचावंच लागतं.

एक उपक्रम जरूर करा. त्याला मराठी बालपुस्तकांची दहा नावं विचारा, फळ्यावर लिहा आणि मुलांना दाखल नोंदवहीत, प्रकाशकांच्या सूचीत ती शोधायला लावा. काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात, काहींचे लेखक भलतेच निघतात. सूची कशासाठी असते हे मुलांना त्या दिवशी कळतं. मुलांचे फोटो देऊन कार्टून बनवून घेणं मात्र पूर्ण टाळा, कारण प्रश्न ८ इथेही लागू आहे.

१६. मुलांनी आपल्या गावाबद्दल मराठी विकिपीडियावर लिहिलं तर?

चांगली कल्पना आहे, गावांवरचे कित्येक लेख दोन ओळींचे आहेत. पण 'आम्हाला माहीत आहे' हा तिथे पुरावा नाही. गॅझेटियर, जनगणना पुस्तिका किंवा छापील ग्रंथ लागतो, आणि तो शोधणं हाच खरा धडा. आयत्या वेळी वर्गात खाती काढायला बसू नका, एका नेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात. मुलांनी खऱ्या नावाने खातं काढू नये. एकच खातं अख्ख्या वर्गाने वापरणंही नियमात बसत नाही.

१७. अमेरिकेतल्या मराठी शाळेला तुमच्याकडच्या मुलांशी बोलायचं आहे. कसं जुळवायचं?

थेट व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. न्यू जर्सी आणि महाराष्ट्र यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, त्यात तिकडची शाळा शनिवार-रविवारची. दीड मिनिटाचे आवाज शिक्षकांनी एकमेकांना पाठवावेत. तिकडची मुलं थांबत थांबत मराठी बोलतात, आमची मुलं ते पुन्हा पुन्हा ऐकतात आणि उत्तर सावकाश बोलून पाठवतात. तिकडे १३ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत वेगळा कायदा आहे, त्यामुळे संमती दोन्ही बाजूंनी घ्या.

१८. शाळेच्या पानावरून घेतलेला फोटो कोणीतरी घाणेरडा बदल करून फिरवत आहे. आधी काय करायचं?

आधी मुलीजवळ बसा, तिची चूक नाही हे तिला सांगा आणि पालकांना बोलवा. पोस्टचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि वेळ लिहून ठेवा. मात्र लैंगिक स्वरूपाचं चित्र असेल तर ते स्वतःच्या मोबाईलवर साठवू नका, कोणालाही पाठवू नका, लिंक तेवढी लिहून घ्या. पोलिसांना कळवा. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शाळेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण आत मिटवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे.

१९. माझी बदली झाली. चॅनेल, ग्रुप, ड्राइव्ह सगळं माझ्या नंबरवर आहे. आता?

म्हणून पहिल्या दिवशीच शाळेच्या नावाचा वेगळा ईमेल काढायचा आणि सगळं त्यावर उघडायचं. आता उशीर झाला असला तरी काम दोन-तीन तासांचं आहे. यूट्यूब चॅनेलवर शाळेच्या ईमेलला व्यवस्थापक करा, ड्राइव्हच्या फाइल उतरवून शाळेच्या ड्राइव्हवर चढवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या शिक्षकाला अ‍ॅडमिन करून मग बाहेर पडा. फाइल हलल्या की जुने क्यूआर कोड उघडणार नाहीत, ते पुन्हा छापावे लागतील. मुलांचे आवाज एका पेनड्राइव्हवर घ्या. पदभार (चार्ज) देताना पुस्तकांच्या यादीखाली ईमेल, पासवर्डचा बंद लिफाफा, पेनड्राइव्ह आणि संमतिपत्रांची फाइल अशा चार ओळी वाढवा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या.